अर्धी बेल

पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, काळ्या पडद्यावर कसलीशी पांढरी अक्षरं उमटली, आणि ती वाचायला म्हणून तो पुढे वाकतो न वाकतो तोच सगळं गप्प झालं. दिवा गेला. पंख्याने घरघरत एक-दोन गिरक्या घेतल्या आणि तोही थांबला. पडद्यात आता त्याला स्वतःचाच चेहरा दिसत होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, तोंड उघडं. "अरेच्चा," तो म्हणाला. घरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा हे अरेच्चा कोणाला ऐकवलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने दुखरा गुडघा सावरला, टेबलाखाली हात घातला, सीपीयूच्या डब्यावरचं गोल बटण अंगठ्याने चाचपून शोधलं आणि पुन्हा दाबलं. चांगलं, नीट, आतपर्यंत दाबलं. अंगठा तसाच रोवून धरला आणि मान वर करून पडद्याकडे पाहत राहिला. पंखा, दिवा, अक्षरं. या खेपेला एक आख्खा शब्द वाचता आला असता, पण तो डोळ्यांत शिरायच्या आत पडदा विझला. एखाद्याने बोलता बोलता आपल्याकडे पाहून तोंड मिटून घ्यावं तसं काहीतरी झालं, आणि का कोण जाणे, त्याला ते लागलं.

सकाळी बायकोचा फोन आला होता. बायको मुलीकडे असते. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडचीच झाली. बाळ झालं, पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, आता म्हणे रांगत रांगत थेट स्वयंपाकघरात येतं आणि भांडी ओढतं; तरी हिचा पाय तिथून निघत नाही. तो रोज विचारायचा, "कधी येतेस?" ती रोज म्हणायची, "बघू." भांडण म्हणाल तर झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं. मुलगी काही बोलत नव्हती, जावई तर कधीच काही बोलत नाही, आणि तो स्वतः इतकं बोलायचा की त्यात खरं विचारायचं ते, का येत नाहीस, राहूनच जायचं. आज मात्र बायकोनेच विषय काढला. "एक काम होतं तुमच्याकडे," ती म्हणाली. "माझा कॉम्प्युटर चालू होतोय का बघता? मला इथे लागेल."

"इथे म्हणजे?"

"इथे म्हणजे इथे. विणकामाचे नक्षे करून द्यायचेत. ते जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, नव्यावर नाही चालत. चालू होत असेल तर रविवारी येऊन घेऊन जाते. नसेल होत तर राहू दे, देऊन टाका भंगारात. इथे दुसरं काहीतरी बघेन."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खिडकीशी उभा होता. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी झटकत होतं, खाली एक मोटार मागे घेताना पिपाणी वाजवत होती, आणि त्याच्या डोक्यात तेच ते 'इथे' घोळत होतं. बायकोचे कपडे हळूहळू मुलीकडे पोचले होते, मुलीच्या दर खेपेला थोडे थोडे. औषधं गेली, सुयांचा डबा गेला, चष्म्याचं जुनं घर गेलं. एका माणसाला पिशवीतून नेता येत नाही असं तिचं या घरात एवढंच उरलं होतं. कॉम्प्युटर चालला तर ती येईल, पण तो न्यायला येईल, आणि नेला की मग यायचं कारण उरणार नाही. नाही चालला तर ती येणारच नाही. तो चालावा असं आपल्याला वाटतंय की चालू नये असं, हे त्याला उभ्या उभ्या ठरवता येईना. शेवटी ती एकदा तरी येईल, घरात वावरेल, असा हिशेब करून तो टेबलाखाली शिरला होता, आणि आता तिथेच बसून अंगठा चोळत होता.

या अंगठ्याने त्याला जन्मभर पोसलं. तो फौंड्रीत क्रेन चालवायचा. छपराखालच्या रुळांवरून क्रेन फिरायची, तिला वितळलेल्या लोखंडाची बादली टांगलेली, आणि खाली चालत चालत तो, हातात वरून लोंबणारी बटणांची पेटी घेऊन. त्या बटणांचा कायदा साधा होता. दाबून धरलंय तोवर यंत्र चालणार; बोट उचललं की जागच्या जागी उभं राहणार. मध्येच अंगठा निसटला तर बादली हिसका खायची, डुचमळायची, आणि आत काही पाणी नसायचं. त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाबला होता, दुखेपर्यंत. "सोडायचं नाही," उस्ताद म्हणाला होता, "पोचेपर्यंत सोडायचं नाही." तो पोचेपर्यंत सोडत नसे. कानाशी माशी बसली तरी नाही, शिंक आली तरी नाही. अंगठ्याचं नख रुंद झालं, पेर चपटं झालं, आणि कामगारांनी त्याचं नाव अंगठाबहाद्दर ठेवलं. तो चांगला शिकलेला होता, सही झोकदार करायचा, तरीही तेच नाव चिकटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. त्याच्या हातून एकदाही बादली डुचमळली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबाने भाषणात तेवढंच एक खरं वाक्य म्हटलं होतं.

दुपारी मुलीचा फोन आला. "बाबा, आई म्हणत होती, बघितलात का चालू करून?" त्याने सगळं सांगितलं, पंखा, दिवा, अक्षरं, आणि मग काहीच नाही. मुलगी ऑफिसात होती, मागे कोणीतरी छापखान्यासारखं धाडधाड काहीतरी चालवत होतं. "वायर हलतेय का बघा. मागची, काळी, जाड." हलत नव्हती. "धूळ असेल. गरम होऊन बंद पडत असेल." इतक्यात गरम काय होणार, दोन घोट घ्यायच्या वेळात चहासुद्धा गार होत नाही. "बटण तरी नीट दाबताय ना?"

"नीट म्हणजे काय, अगदी घट्ट दाबतोय."

"मग कळत नाही बाई. दुकानात न्या." आणि मग जरा थांबून, निराळ्या आवाजात, "बाबा, जेवलात का?"

तो जेवला नव्हता, पण हो म्हणाला. आई काय करतेय असं विचारावंसं वाटलं. विचारलंही. मुलगी म्हणाली, "आई मस्त आहे. बाळाला गाणं म्हणून दाखवते. तुम्ही कधी ऐकलंय का तिचं गाणं?" हा प्रश्न तिने सहज विचारला असेल. फोन ठेवल्यावर तो त्याचं उत्तर शोधत बसला. गुणगुणताना त्याने तिला ऐकलं होतं, पण कसं, तर दुसऱ्या खोलीतून, तुकड्या-तुकड्यांनी. काय म्हणतेय म्हणून तो बघायला जायचा आणि तोवर ते संपलेलं असायचं. प्रत्येक वेळी नेमकं संपलेलं असायचं, ही गोष्ट त्याच्या आज प्रथमच ध्यानात आली. ध्यानात आली आणि निसटली, कारण टॅक्सी बोलवायची होती.

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. उघडी पडलेली यंत्रं फडताळात आणि मांडीवर वायरी घेऊन बसलेला दुरुस्तीवाला, जाडजूड, तोंडात विजेरी धरून. विजेरी न काढताच तो म्हणाला, "ठेवा काका." त्याने डब्याचं पुढचं तोंड बटणासकट काढलं, बाजूचा पत्रा काढला, ब्रशने धुळीचे पुंजके काढले, एक पट्टी उपसून खोडरबराने पुसून परत बसवली. मग बटणाऐवजी आतल्या दोन बारीक काड्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा फिरला. हा पडद्याकडे बघत उभा राहिला, श्वास धरून. आता जाईल, आता जाईल. अक्षरं आली, भराभर वर सरकली, त्यांच्या जागी निळा रंग आला, आणि एक छोटीशी धून वाजली. ही धून त्याच्या ओळखीची होती. सकाळी तो न्हाणीघरात असताना बाहेरून ऐकू यायची. म्हणजे आता बायको टेबलाशी बसली, असा तिचा अर्थ होता, आणि तो घाईघाईने अंग पुसायला लागायचा.

"झालं काका. धूळ होती," दुरुस्तीवाला म्हणाला, विजेरी काढून. हे इतकं सोपं होतं म्हणून त्याला जरा वाईटच वाटलं. टॅक्सीत त्याने डबा मांडीवर घेतला, बाळाला घ्यावा तसा, दोन्ही हातांनी. घरी आल्यावर जागच्या जागी ठेवला, वायरी जोडल्या, अंगठ्याने बटण दाबलं, धरलं, वर पाहिलं. पंखा, दिवा, अक्षरं, काळोख.

मग त्याचं डोकं चालेनासं झालं. प्लग बदलून पाहिला. डबा उचलून झोपायच्या खोलीत नेला, तिथल्या प्लगला लावला. तिथे बंद पडला. स्वयंपाकघरात नेला, ओट्यावर पडदा, खाली फरशीवर डबा, बाजूला चहाची भांडी. तिथेही बंद पडला. दिवे लागत होते, फ्रीज चालत होता, भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. वीज होती, सगळीकडे होती, फक्त याला पुरत नव्हती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुकानात. दुरुस्तीवाल्याने या खेपेला पुढचं तोंड बसवून बटणावर बोट मारून पाहिलं. हा पडद्याकडे बघत होता. निळा रंग आला, धून वाजली. दुरुस्तीवाल्याने बंद केलं, परत चालू केलं, परत बंद केलं. प्रत्येक वेळी शहाण्या मुलासारखा चालू झाला. "मशीन ठणठणीत आहे काका," दुरुस्तीवाला म्हणाला आणि हसला. "तुमच्या घरचं वातावरण बघा एकदा."

तो त्या गड्याचा विनोद होता, गिऱ्हाईक ऐकून हसतं आणि निघून जातं असा. हाही हसला. पण जिन्याखालून बाहेर पडल्यावर, टॅक्सीची वाट पाहताना, ते वाक्य त्याच्याबरोबर उभं राहिलं. रस्त्यावर माणसं येत होती जात होती, एक बाई छत्रीची काडी नीट करत होती, दोघं हातगाडीवर कपाट बांधत होते आणि दोरी कोणी ओढायची यावरून हमरीतुमरीवर आले होते. सगळं चालू होतं. कुठेही नेलं तरी चालतं, नुसतं आपल्या घरात चालत नाही. असं कसं असेल? असं नसतंच. तो विजेच्या यंत्रांत जन्म काढलेला माणूस होता आणि घराला वातावरण असतं नि त्याने पंखे बंद पडतात यावर त्याचा काडीइतका विश्वास नव्हता. तरीही टॅक्सीतून उतरून जिना चढताना त्याची पावलं जड झाली. दाराशी आल्यावर हात आपोआप बेलकडे गेला. मग किल्ली आठवली.

ही बेल घर घेतल्यापासूनची. मुलगी लहान असताना तिच्यावरून त्याला चिडवायची, "बाबांची बेल अर्धीच वाजते." अर्धी बेल वाजली की बाबा आले समजायचं. दूधवाल्याची पूर्ण, शेजारणीची पूर्ण, पाहुण्यांची पूर्ण, आणि त्याची अर्धी. तो म्हणायचा, "बेल ती बेल, अर्धी कशी वाजेल?" एकदा त्याने स्टूल घेऊन बेल उघडूनही पाहिली होती; काही बिघाड नव्हता. त्याला बाहेर आवाज ऐकू यायचा तो ठीकच असायचा. तो बेल दाबायचा आणि दार उघडेपर्यंत दाबून धरायचा, आणि दार उघडताना कुठेतरी खण्‌ व्हायचं ते कडीचं. पण आता किल्लीने दार उघडून रिकाम्या घरात डबा छातीशी धरून उभा असताना त्याला निराळंच आठवलं. बाहेर उभं असताना आत काय चालू असायचं ते. पावलं पळायची. रेडिओ बंद व्हायचा. कोणीतरी कोणालातरी 'आले, आले' म्हणायचं, आणि दार उघडायचं तेव्हा आत सगळं आवरलेलं, नीट, गप्प. त्याला वाटायचं, काय शिस्त आहे आपल्या घराला. उभं आयुष्य तो या घरात आला तो नेमका सगळं बंद झाल्यावर आला होता. हे खरं की आता एकट्याने राहून सुचलेलं काहीतरी, हे कळायला मार्ग नव्हता. ज्यांना विचारावं त्या दोघी तिकडे होत्या.

आणि त्याने कोणाचं काय वाईट केलं होतं? हात उगारला नाही, दारूला शिवला नाही, पगार आणून हातात ठेवला. रस्ता ओलांडताना तो बायकोचं कोपर धरायचा, गर्दीत सुटू नये म्हणून. ती म्हणायची, "अहो, दुखतंय," आणि तो म्हणायचा, "झालं, पोचलोच." निवृत्त झाल्यावर तर त्याला वाटलं, आता वेळच वेळ आहे, हिला सोबत करू. ती भाजीला निघाली की तो चपला घालायचा. ती फोनवर बोलायला लागली की शेजारी येऊन बसायचा आणि 'कोण आहे' म्हणून खुणेने विचारायचा. ती टेबलाशी बसून पडद्यावरचे चौकोन रंगवायची, एक लाल, दोन पांढरे, एक लाल, त्यातून कोणाच्या तरी स्वेटरवरची पाखरं व्हायची. तो तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा, झालं का, आता काय, हा चौकोन का सोडला. एकदा ती खुर्ची वळवून म्हणाली होती, "तुम्ही जरा बाहेर फिरून येता का?" तो म्हणाला होता, "चल, दोघं जाऊ." तिने त्याच्याकडे असं पाहिलं होतं की जणू तो दुसरीच कुठली भाषा बोलतोय. त्याने घरात काढलेले फोटो होते, मोजून आल्बमभर, आणि त्यातल्या एकाही फोटोत बायकोचा चेहरा स्थिर नव्हता. ती हलते, असं तो सगळ्यांना सांगायचा.

कॉम्प्युटर चालू करायची तिची रीत मात्र त्याला कधी पटली नाही. हातात चहाचा कप, केस मोकळे, आणि जाता जाता पायाच्या अंगठ्याने बटणाला टिचकी. यंत्राला पाय! फौंड्रीत असं कोणी केलं असतं तर त्याने त्याला उभा सोलला असता. तिने पाय पुढे केला की तो तोंड फिरवायचा. ते बघवत नाही म्हणून तो कितीदा न्हाणीघरात गेला होता.

संध्याकाळी त्याने स्वतःहून फोन लावला. तो वाजत असताना पलीकडचा फोन कोणीतरी उचलून तसाच ठेवला असावा, कारण कोणी हॅलो म्हणालं नाही आणि तिकडचं घर ऐकू यायला लागलं. भांडं गडगडत गेलं, बाळ खिदळलं, आणि बायको मोठ्यांदा, अगदी गळा सोडून काहीतरी गात होती, मध्येच हसत होती, पुन्हा गात होती. तो ऐकत राहिला. हा आवाज कोणाचा, अशी त्याला क्षणभर खरोखर शंका आली. मग मुलीचा आवाज आला, "आई, बाबांचा आहे ना फोन," आणि गाणं थांबलं. "हं, बोला," बायको म्हणाली. हा आवाज ओळखीचा होता, बारीक, जपून टाकलेला.

"दुकानात चालतो," तो म्हणाला.

"मग झालं तर."

"घरी नाही चालत."

"म्हणजे?"

"म्हणजे दुकानात चालतो आणि आपल्या घरी बंद पडतो. दोनदा नेऊन आणला. प्लग बदलले, खोल्या बदलल्या. सुरू होतो आणि बंद पडतो. मला काही कळत नाही गं." हे शेवटचं वाक्य कॉम्प्युटरबद्दलच होतं, पण म्हणताना त्याचा आवाज चिरकला.

"मी येते रविवारी," ती म्हणाली. "बघू."

रविवारी तो सकाळपासून टेबलाखाली होता. तिच्यासमोर शोभा नको म्हणून पुन्हा पुन्हा करून बघत होता. टिंगटोंग असं काहीतरी झालं तेव्हा अंगठा बटणावरच होता आणि डबा नुकताच बंद पडला होता. इतकी छोटी बेल, की वाजली की भास झाला ते त्याला कळेना. दार उघडलं तर ती उभी होती. जरा बारीक झालेली, केस निराळे कापलेले, खांद्यावर मुलीची पिशवी. तिने चपला काढल्या आणि नेहमीच्या जागी न सरकवता उंबऱ्याशीच ठेवल्या. ते त्याने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"चहा टाकू?"

"खाली टेम्पोवाला थांबलाय," ती म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे पाहून, "नंतर बघू. आधी दाखवा काय होतंय ते."

तो खाली बसला. ती शेजारी उभी राहिली. त्याला एकाएकी आपण परीक्षेला बसल्यासारखं वाटलं, आणि अंगठ्याला घाम फुटला. "बघ हं," तो म्हणाला, "पडद्याकडे बघ." त्याने बटण दाबलं, धरलं. पंखा, दिवा, अक्षरं, काळोख. "बघितलंस? आता दुकानात हाच कसा चालतो?"

"परत करा."

त्याने परत केलं. या खेपेला ती पडद्याकडे बघत नव्हती. ती टेबलाखाली वाकून त्याच्या हाताकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "अंगठा."

"काय अंगठ्याला?"

"काढा ना तो."

"काढला तर बंद पडेल."

"तो न काढता पडतोय ना बंद? काढून तर बघा."

त्याने पुन्हा दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. आता अंगठा उचलायचा होता, एवढंच, आणि तो उचलला जाईना. आखडलेल्या पेरात एक जुनी भीती बसली होती, आता हिसका बसेल, आता डुचमळेल, आता खालचं कोणीतरी जाईल. "सोडा," बायको हळूच म्हणाली. त्याने डोळे मिटले आणि सोडलं. काही झालं नाही. पंखा फिरत होता. तो डोळे उघडायला घाबरत होता, तोवर ती धून वाजली.

बायको हसायला लागली. टेबलाचा पाय धरून खाली फरशीवरच बसली आणि हसली, डोळ्यांतून पाणी येईतो. "अहो, दाबून धरलं की बंद होतो तो! अडकला की बंद करायला दाबून धरतात!" तो तिच्याकडे बघत राहिला. आपण इथे आहोत, म्हणजे आता हे हसणं थांबेल, अशी त्याने वाट पाहिली. ते थांबलं नाही. तिला त्याचं भानच नव्हतं. त्याला बरं वाटलं, आणि त्याच वेळी रडू येतंय असं वाटलं, आणि यातलं कुठलं आधी करावं ते न कळून तो तसाच बसून राहिला.

"म्हणजे मीच बंद करत होतो," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं सोडलं की थांबेल. क्रेनला..."

"क्रेन नाहीये हो ही," ती म्हणाली, हसता हसताच, आणि मग हसणं आपलं आपण ओसरलं. तिचा हात कोपरावर गेला होता. ती स्वतःचं कोपर सावकाश चोळत होती, आणि तिला ते कळलंही नसावं. त्याला मात्र कळलं. दोघं बराच वेळ फरशीवर बसून राहिली, पडद्याचा निळा उजेड गुडघ्यांवर घेऊन. डबा चालू होता.

मग टेम्पोवाल्याने खालून हाक मारली. तिने कॉम्प्युटर रीतसर बंद केला, वायरी गुंडाळल्या. टेम्पोवाला वर येऊन डबा घेऊन गेला. "पडदा राहू दे इथे, तिकडे आहे," ती म्हणाली. टेबलाखाली फरशीवर डब्याएवढा स्वच्छ चौकोन उरला. दारात तिची पिशवी त्याने उचलून धरली होती. ती घ्यायला तिने हात पुढे केला, आणि पिशवी निघेना. त्याने खाली पाहिलं. पट्ट्यावर त्याचा अंगठा रोवलेला होता, नख पांढरं पडलेलं. त्याने तो उचलला. पिशवी तिच्या खांद्यावर गेली. परत कधी येशील, हे शब्द ओठांपर्यंत आले होते, रोजचे, घासून गुळगुळीत झालेले. त्याने तोंड मिटलं. ती दोन पायऱ्या उतरली, वळली. "विचारलं नाहीत?"

"काय?"

"रोज विचारता ते."

तो गोंधळला. "तू सांगशील," तो म्हणाला, "कळेल तेव्हा." ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तोंड फिरवून कठड्याला धरून हळूहळू खाली उतरायला लागली.

तो उंबऱ्याबाहेर उभा होता. खालच्या मजल्यावर तिच्या चपला वाजत होत्या. मागे वळून दार लावायचं म्हणून त्याने हात वर केला, आणि बेल दिसली. त्याने अंगठा टेकवला, ती पायाने मारायची तेवढीच टिचकी दिली, आणि काढून घेतला. टिंग. आणि अंगठा निघाल्यावर, मागून, घरात खोलवर, टोंग. हा दुसरा आवाज त्याने दार उघडताना हजारदा ऐकला होता आणि कडीचा समजला होता. बटण सोडल्याशिवाय तो वाजतच नव्हता.

खाली पावलं थांबली.

"कोण आलं हो?" बायकोने विचारलं. जिन्याच्या फटीतून तिचा चेहरा वर वळलेला अर्धवट दिसत होता. या दारावर पूर्ण बेल वाजली म्हणजे त्याच्याशिवाय दुसरंच कोणी आलं असणार, तो असूच शकत नव्हता. त्याने अंगठ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला. "मीच आलोय गं."